वाचकांचे सूर-सवाल : पॅट्सीची सहा वर्षं कोणी खाल्ली?

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, वय २७, पप्पा प्रेसमधून रिटायर झालेत. सात वर्षं झाली ऑर्केस्ट्रात गाते, हळदी-संगीत, नवरात्रात गरब्याचे शो, गणपतीत मंडळांचे प्रोग्राम, दिवाळीत कुठे पहाट असली तर भावगीतं. दीड वर्षापूर्वी एका यूट्यूब चॅनलवाल्यांनी माझी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली, की तीन वर्षं मी फक्त त्यांच्यासाठीच रेकॉर्ड करायचं आणि तेही ते देतील तीच गाणी. अकरा गाणी रेकॉर्ड झाली, बाहेर आली दोनच, बाकीचं विचारलं की 'बघू, बघू' चालू असतं. मागच्या महिन्यात मामेभावाने गाडीत पॅट्सी क्लाइन नावाच्या अमेरिकन बाईचं 'क्रेझी' लावलं, मी इंग्लिश गाणी कधीच ऐकत नाही पण त्या आवाजाने द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये मला रडू आलं. तो म्हणाला ती कंट्री गायची आणि तिसाव्या वर्षीच गेली. तेव्हापासून डोक्यात एकच, की तिने एवढ्याशा वेळात एवढं केलं आणि मी २७ची होऊन काय केलं. तिची गोष्ट सांगाल का? आणि माझं काय चुकतंय तेही सांगा.
(एक गायिका, नाशिकरोड)

उत्तर : अगं, तू लिहिलंयस की तिने एवढ्याशा वेळात एवढं केलं, मला मात्र उलटंच दिसतं. जो काही वेळ तिच्या वाट्याला आला होता त्यातला अर्ध्याहून जास्त तिला वापरूच दिला नाही कोणी, आणि तो वेळ ती ज्यात गेली त्या विमान अपघाताने नाही खाल्ला, एका सहीने खाल्ला. तुझ्या पत्रात स्टॅम्पपेपर हा शब्द आला तिथे मी थांबले ते त्यामुळेच. आता नीट सांगते.

पॅट्सीचं खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली, जन्म ८ सप्टेंबर १९३२, व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावचा. आई हिल्डा शिवणकाम करायची. वडील घर सोडून गेले तेव्हा ही पंधराच्या आसपास, मग शाळा सुटलीच. तिकडे तेव्हा औषधाच्या दुकानातच सोडा-आइस्क्रीमचा काउंटर असायचा, दिवसा त्या काउंटरवर उभं राहायचं आणि रात्री क्लबात, जिथे मिळेल तिथे गायचं. गाणं शिकायला कोणाकडे बसली नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी घसा आणि ताप असं मोठं आजारपण झालं होतं आणि त्यातून उठल्यावर आवाज असा भरदार झाला असं ती स्वतः सांगायची. स्टेजवरचे ते झालरी लावलेले काउगर्लचे ड्रेस आईने घरी मशीनवर शिवलेले असायचे. हे वाचताना मला आपल्या ऑर्केस्ट्रातल्या कितीतरी मुलींच्या आया आठवतात, शोच्या आदल्या रात्री टिकल्या लावत बसलेल्या.

कंट्री म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं ते म्हणजे टोपी आणि घोडा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांची फिडल (म्हणजे व्हायोलिनच), आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा बँजो आणि ब्लूज नावाची दुःखाची गाणी, चर्चची भजनं, हे सगळं एकत्र शिजून झालेलं कष्टकऱ्यांचं गाणं ते कंट्री. घर, दारू, रेल्वे, देव, नवरा सोडून गेला, हे विषय. त्याचं माहेरघर नॅशविल आणि तिथला रेडिओवरचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम, जो १९२५पासून चालू आहे. तिथे गायला मिळणं म्हणजे आपल्याकडे एकेकाळी आकाशवाणीची ऑडिशन पास होण्याला जो मान होता तसं काहीतरी, खरं तर त्याहून बरंच जास्त.

आता ती सही. सप्टेंबर १९५४, पॅट्सी जेमतेम २२ वर्षांची. फोर स्टार नावाच्या रेकॉर्ड कंपनीबरोबर तिने करार केला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, रॉयल्टी, विक्रीतला गाणाऱ्याचा वाटा, २.३४ टक्के, म्हणजे तेव्हा जे साधारण चालायचं त्याच्या निम्मी. दुसरी जास्त वाईट, की तिने फक्त फोर स्टारच्या मालकीचीच गाणी रेकॉर्ड करायची. म्हणजे नॅशविलमध्ये तेव्हा एकाहून एक गाणी लिहिणारे लोक बसलेले, पण त्यांची गाणी हिला गाता येणार नाहीत, कारण त्यातून कंपनीला गाण्याच्या मालकीचे पैसे मिळणार नाहीत. पन्नासेक गाणी तिने त्या कराराखाली रेकॉर्ड केली. आवाज तोच गं! पण गाणीच अशी की आज ती हौशी लोकांशिवाय कोणी लावत नाही.

एक अपवाद. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. तिला स्वतःला ते गाणं आवडलेलंच नव्हतं. २१ जानेवारी १९५७ला टीव्हीवर आर्थर गॉडफ्रेच्या टॅलेंट शोमध्ये ते गायली. त्या शोचा नियम असा की स्पर्धकाला कोणीतरी 'शोधून' आणायचं, पण आणणारा माणूस स्पर्धकाच्या घरातला नको. मग आई हिल्डाच मैत्रीण बनून गेली! आणि काउगर्लचा ड्रेस नको म्हणाले म्हणून साध्या पार्टी ड्रेसवर गायली. टाळ्यांवर निकाल होता, जिंकली. गाणं कंट्रीच्या यादीत दुसऱ्या नंबरला आणि पॉपच्या यादीत बाराव्या नंबरला गेलं. सगळ्यांना वाटलं झालं, आता ही सुटली.

आणि मग चार वर्षं काहीच नाही. त्याच कंपनीची तीच गाणी, एक पण चाललं नाही. संसार, बाळ, पैशांची ओढाताण, कमी बिदागीचे शो. २५ ते २८ हे वय आहे ते, तुझं आत्ताचं. तिला तेव्हा कोणी विचारलं असतं तर तिनेही हेच म्हटलं असतं, की माझं काय चुकतंय? चुकत काहीच नव्हतं, त्या पन्नास गाण्यांतला आवाज ऐक, सूर कुठे हललेला नाही. हात बांधलेले होते.

१९६०मध्ये करार संपला. जानेवारीत ऑप्रीची मेंबर झाली, पुढे डेक्का कंपनीने तिला थेट स्वतःकडे घेतलं, प्रोड्यूसर ओवन ब्रॅडली, आणि आता गाणं कुठलंही निवडायची मोकळीक. नोव्हेंबर १९६०मध्ये 'आय फॉल टू पीसेस' रेकॉर्ड केलं. मागे पुरुषांचा कोरस घालायला तिचा विरोध होता, तिला भीती की आपला आवाज बुडेल, पण ब्रॅडलीने तिला पटवलं. जानेवारी १९६१ला ते बाहेर आलं, त्याच महिन्यात तिला मुलगा झाला, आणि गाणं हळूहळू चढत चढत ऑगस्टमध्ये कंट्रीच्या पहिल्या नंबरला पोचलं.

पण मधे १४ जून १९६१. भाऊ गाडी चालवत होता, समोरून दुसरी गाडी येऊन धडकली, पॅट्सी पुढची काच फोडून बाहेर फेकली गेली. कपाळ फाटलं, बरगड्या गेल्या, महिनाभर हॉस्पिटल. पुढे कायम विग, बँड आणि जाड मेकअपखाली तो व्रण झाकून ती गायली. ऑप्रीच्या स्टेजवर परत आली ती कुबड्या घेऊन.

आणि आता तुझं 'क्रेझी'. लिहिलेलं विली नेल्सनने, तो तेव्हा अगदी नवखा, गाणी विकून पोट भरणारा. २१ ऑगस्ट १९६१ला रेकॉर्डिंग. त्या काळात तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची पद्धत, इथे चार तास एका गाण्यावर गेले आणि तरी तिचं गाणं झालंच नाही, कारण बरगड्या अजून भरल्या नव्हत्या आणि वरच्या सुरांना श्वास पुरेना. मग ब्रॅडलीने म्युझिक तेवढं टेप करून ठेवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि त्या टेपवर एका टेकमध्ये गाऊन मोकळी झाली. द्वारका सर्कलला तुला जे ऐकू आलं ना, तो तो एक टेक. दुखरी बरगडी पूर्ण बरी झाली होती की नाही कोणास ठाऊक, पण मला त्यातला प्रत्येक श्वास सांभाळून घेतलेला ऐकू येतो.

नोव्हेंबर १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑप्रीच्या मंडळींबरोबर गायली. १९६२मध्ये अजून एक पहिल्या नंबरचं गाणं. ह्याच काळात एक गोष्ट केली तिने जी मला गाण्याइतकीच मोठी वाटते. हॉस्पिटलमध्ये असताना रेडिओवर एक नवी मुलगी तिच्यासाठी म्हणून तिचंच गाणं गायली, पॅट्सीने नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं आणि पुढे कपड्यांपासून स्टेजवर उभं कसं राहायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. ती मुलगी लोरेटा लिन, पुढे स्वतः फार मोठी झाली. आणि दुसरं म्हणजे पॅट्सी शोचे पैसे आधी हातात घ्यायची, मगच स्टेजवर चढायची. एकदा पोळली होती ना.

मार्च १९६३. एका रेडिओ निवेदकाचा अपघातात मृत्यू झाला होता, त्याच्या घरच्यांना मदत म्हणून कॅन्सस सिटीत ३ तारखेला कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी धुक्यामुळे विमान उडेना. मैत्रीण डॉटी वेस्ट म्हणाली आमच्याबरोबर गाडीतून चल, पण लांबचा रस्ता आणि घरी दोन लहान लेकरं, ही थांबली. ५ मार्चला तिचा मॅनेजर रँडी ह्यूजच्या छोट्या विमानातून निघाली, बरोबर काउबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स हे दोन गायक. डायर्सबर्गला पेट्रोल भरायला उतरले, तिथल्या माणसाने सांगितलं हवा खराब आहे, रात्री इथेच राहा. ह्यूज म्हणाला, इथवर आलोय तर जातो. संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी उडालं आणि थोड्याच वेळात कॅम्डन गावाजवळच्या जंगलात कोसळलं, मनगटावरचं घड्याळ सहा वीसला थांबलेलं सापडलं. चौघंही गेले. नॅशविल तिथून दीडशे किलोमीटरच्या आत होतं.

आता हिशोब कर. मोकळी झाल्यावरचं पहिलं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९६०, शेवटचं फेब्रुवारी १९६३. सव्वादोन वर्षं. त्यातही तो अपघात. जग आज जी पॅट्सी ऐकतं ती जवळजवळ सगळी ह्या सव्वादोन वर्षांतली, आणि आधीची सहा वर्षं कराराच्या फाइलीत. १९७३मध्ये कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये एकटीच्या नावावर घेतलेली ती पहिली बाई, आणि १९६७ला निघालेल्या तिच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या एकट्या अमेरिकेतच एक कोटीच्या वर प्रती गेल्या. ती सहा वर्षंपण मिळाली असती तर काय झालं असतं ह्या विचाराने मला आजही त्रास होतो.

इथे नाशिककर म्हणून मला शास्त्रीय गायक पंडित द. वि. पलुसकर आठवतात. जन्म इथलाच, १९२१चा, आणि १९५५मध्ये गेले, वय अवघं ३४. वडील, म्हणजे विष्णु दिगंबर, गेले तेव्हा हे दहा वर्षांचे. पण विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास ह्यांनी वडिलांच्या जागी राहून शिकवलं आणि चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला बसवलं. आयुष्य हिचं आणि त्यांचं सारखंच छोटं म्हण, पण त्यांच्या भोवतीच्या माणसांनी त्यांचा वेळ राखला, हिच्या भोवतीच्या लोकांनी तो विकला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि माझंही सांगते, मी कोणाला सांगत नाही सहसा. नव्वदच्या दशकात एका कॅसेट कंपनीसाठी मी आठ भक्तिगीतं गायले. एकरकमी दीड हजार दिले आणि एका छापील कागदावर सही घेतली, वाचायला पण वेळ दिला नाही, चहा येईपर्यंत सही झाली होती. पुढच्या गणपतीत रविवार कारंजावर माझा आवाज लाउडस्पीकरवर वाजत होता, मी दुकानात जाऊन कॅसेट विकत घेतली, आतला कागद उलगडला तर गायिका म्हणून नाव दुसरंच. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

म्हणून आता तुझ्या कागदाबद्दल. तो स्टॅम्पपेपर काढ आणि पेन्सिल घेऊन बस. तू गायलेल्या गाण्यावर तुझा कलाकार म्हणून हक्क असतो, आपल्या कॉपीराइट कायद्यातच आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने तो बराच पक्का झाला. गाणं व्यापारासाठी वापरलं तर रॉयल्टीचा हक्क, आणि गायिका म्हणून तुझं नाव लावून घ्यायचा हक्क. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी लागतो आणि कुठले हक्क, किती काळ, कुठल्या भागात, मोबदला किती, हे त्यात लिहावं लागतं. काळ लिहिलाच नसेल तर पाच वर्षं धरतात, भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि सगळ्यात महत्त्वाचं तुझ्यासाठी, घेतलेले हक्क त्यांनी वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते संपले असं कायदा म्हणतो, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. तुझी नऊ गाणी पडून आहेत ना? मग प्रत्येक गाण्याची रेकॉर्डिंगची तारीख लिहून काढ, व्हॉट्सअॅपवरचे 'बघू बघू'चे मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. आणि 'दुसऱ्यासाठी रेकॉर्ड करायचं नाही' ह्यात स्टेजवर गाणं येतं का ते शब्द न् शब्द वाच, बहुतेक येत नसणार, तू उगाच घाबरून शो सोडत असशील तर सोडू नकोस.

हे सगळं वकिलाला दाखव, माझ्या सांगण्यावर नोटीस वगैरे पाठवू नकोस. वकिलाचे पैसे नसतील तर सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पप्पांना बरोबर ने. प्रेसमध्ये आयुष्य काढलेला माणूस कागद बारकाईने वाचतो.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर, देवळाली कॅम्प. किशोरकुमारचं ते 'यूडलेई यूडलेई', म्हणजे 'यॉडलिंग', कंट्री म्युझिकमधून आलं असं नातू म्हणतो, खरं का?

उत्तर : काका, नातू बरोबर सांगतोय. किशोरदांनी ते भाऊ अनुपकुमार ह्यांच्याकडच्या रेकॉर्ड ऐकून उचललं, त्यात जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन ही नावं येतात. आणि हा जिमी रॉजर्स तुमच्याच खात्यातला! मिसिसिपीकडचा, रेल्वेत ब्रेकमन होता, गाडीवर पळून ब्रेक आवळणारा. टीबी झाला, अंगमेहनतीची ती नोकरी झेपेना, मग गाणं. ऑगस्ट १९२७मध्ये ब्रिस्टल गावी पहिलं रेकॉर्डिंग, आणि सहा वर्षांत शंभरावर गाणी. शेवटी शेवटी इतका थकला होता की न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकलेली, एक गाणं झालं की आडवं व्हायचं, मग उठून पुढचं. त्यानंतर दोन दिवसांनी, २६ मे १९३३ला गेला, वय ३५. नातवाला त्याच्या रेल्वेच्या गाण्यांपासून सुरुवात करायला सांगा आणि तुम्ही पण ऐका, इंजिनाच्या शिट्टीसारखा आवाज तो गळ्यातून काढतो, तुम्हाला लगेच कळेल.

प्रश्न : गंगापूर रोडला माझा सुगमचा क्लास आहे. मुलींना पॅट्सी क्लाइन ऐकवायची तर त्यात काय ऐकायला सांगू?

उत्तर : पुष्कळ काही सांगू नका, एकच जागा द्या. 'क्रेझी'चा पहिला शब्द. दोनच अक्षरं आहेत, पहिलं वर आणि दुसरं एकदम खाली, आणि त्या उतरण्यात आवाज किंचित फुटतो, हुंदका येता येता थांबावा तसा. ती जागा जोर लावून येत नाही, मुली जोर लावतील. मागचा फ्लॉइड क्रेमरचा पियानो तिच्यासाठी कसा थांबून राहतो तेही ऐकवा, आपल्याकडचा चांगला तबलजी बोलांना जागा देतो अगदी तसं. तीनदा ऐकवा, पेटी बंद ठेवून, आणि मग प्रत्येकीला ती दोन अक्षरं तिच्या तिच्या पट्टीत म्हणायला सांगा.